तिसऱ्या कोठीतला ओलावा

चतुर्थीपासून भार्गव हडकर घरातलं एकही दार लावू देत नव्हता.

भाद्रपदाचा पाऊस दिवसातून चार वेळा यायचा आणि चारही वेळा ओटीवरून थेट माजघरात शिरायचा, तरी पुढचं दार सताड उघडं, मागचं उघडं, न्हाणीघराच्या दारालासुद्धा जांभा दगड लावून ठेवलेला. मीठ बरणीतच पाझरलं. पापड मऊ पडले. कपाटातल्या साड्यांना कुबट वास धरला, कारण कपाटाची दारंही भार्गवनं उघडीच ठेवायला लावली होती. त्याची बायको तेजल सोलापूरकडची. तिच्या माहेरी धुतलेला सदरा दोरीवर टाकून माणूस चहा पिऊन येईपर्यंत वाळतो. लग्नानंतरची बारा वर्षं तिनं कोकणातल्या दमटपणाशी भांडण्यात काढली होती, आणि गंमत अशी की त्याच भांडणाचा तिला पगार मिळत होता.

"निदान न्हाणीघराचं तरी लावू दे रे. अंघोळ करायचीय मला."

"पडदो लाव. दार नको."

"भार्गव, असं किती दिवस चालणार?"

तो उठला, मागच्या दारापर्यंत गेला, दगड पायानं आणखी घट्ट सरकवला, परत आला, बसला, पुन्हा उठला. दोन आठवडे तो असाच घरभर फिरत होता. जेवतानाही त्याचं एक बोट ताटाच्या कडेवर वाजत राहायचं. तेजलला त्याची दया यायची, आणि खरं सांगायचं तर कधी कधी रागही यायचा. मग त्या रागाची तिला लाज वाटायची.

कारण दार लावलं होतं ते भार्गवनंच. तिसऱ्या कोठीचं. आणि आत त्याचा चुलतभाऊ सुदेश होता.

वडखोलच्या डोंगरउतारावर तेलताड लागून आता वीस वर्षं होत आली होती. फळाच्या गराचं लाल तेल तिथल्या तिथे निघायचं. पण खरी किंमत होती आतल्या कठीण बीची. ती फोडली की सुपारीएवढा दाणा निघतो. गावात त्या दाण्यालाच नुसतं 'गर' म्हणत. त्याचं तेल औषधांना लागतं, आणि कारखाने ते वर्षभर मागतात. गर मात्र निघतो हंगामात. म्हणून तो साठवायचा, आणि साठवायचा कुठे, तर जिथे चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात अशा मुलखात.

गर हा मोठा शेजारधर्म पाळणारा पदार्थ आहे. हवा कोरडी असेल तर तो आपलं पाणी हवेला देतो, दमट असेल तर हवेकडून घेतो, आणि दोघांचं समाधान होईपर्यंत ही देवघेव चालू राहते. हवेतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांवर धरला तर गरात शंभराला सात भाग पाणी राहतं. तो गर वर्षभर टिकतो. दमटपणा नव्वदीला गेला की दाणा फुगतो, बुरशी धरते, तेल खवट होतं. शिवाय ओला गर श्वास घेतो. खरोखरचा श्वास, तुमच्या-आमच्यासारखा: प्राणवायू आत, कर्बवायू आणि वाफ बाहेर. त्या वाफेनं शेजारचे दाणे ओले होतात, तेही श्वास घेऊ लागतात, आणि एका घमेल्याची चूक आठवड्याभरात सगळी कोठी नासवते.

यावर सहकारी संस्थेनं उपाय काढला होता. सिमेंटच्या चार उंच कोठ्या, दुहेरी भिंतींच्या, हवाबंद. गर भरायचा, दार लावायचं, मग यंत्र आतली हवा हळूहळू काढून कोरडा नायट्रोजन सोडतं. घाई केली तर दाणे तडकतात, म्हणून हे काम चार-पाच दिवस रेंगाळत चालतं. कर्बवायू आणि दमटपणा वाढताना दिसला, म्हणजे गर श्वास घेऊ लागला असं समजायचं आणि वेग वाढवायचा. हे बघणं तेजलचं काम होतं, आणि ते फोनवरून कुठूनही करता यायचं.

हरितालिकेच्या दुपारी तिसरी कोठी बंद झाली. कोकणात कुठलंही दार उघडताना किंवा लावताना देवाला विचारल्याशिवाय चालत नाही. संस्थेचे चेअरमन परुळेकर कोठीच्या तोंडाशी नारळ घेऊन उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या कोठयेचा दार आमी लावतव. गराक कीड लागाक नको, बुरशी येवक नको, आणि व्यापाऱ्याची नियत फिराक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात ओरडले.

नियम असा होता की आत जाणाऱ्यानं आपला फोन दाराजवळच्या पेटीत ठेवायचा, आणि पेटी रिकामी झाल्याशिवाय दारावरच्या माणसानं, म्हणजे भार्गवनं, दार ओढायचं नाही. पण त्या 'व्हय म्हाराजा'त सुदेशचा आवाज होता. सुदेश हडकर म्हणजे पन्नाशीकडे झुकलेला, बिनलग्नाचा, दशावतारात राक्षस करणारा गडी. त्याचा आवाज दहा जणांत वेगळा ओळखू यायचा. भार्गवनं तो ऐकला, सुदेश मागे गर्दीत आहे असं धरून चालला, आणि पेटीकडे न बघता दार ओढलं. सुदेश आत होता. ढिगाच्या माथ्यावर फावडं मारता मारता त्यानं तिथूनच देवाला साद दिली होती. नारळ फुटला, फटाक्यांची माळ लागली, त्याच वेळी घाईनं उतरताना त्याच्या पायाखालचा गर सरकला आणि तो छातीपर्यंत रुतला. संकटात आतून दार उघडायची दांडी त्याच्यापासून दोन माणसांच्या उंचीएवढी लांब राहिली.

त्या रात्री त्याची कुणी वाटही पाहिली नाही. दरवर्षी तो चतुर्थीच्या आदल्या रात्री गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, मूर्तींचे डोळे रंगवायला मुक्कामाला जायचा. सकाळी शाळेतूनच निरोप आला, सुदेश आलाच नाही म्हणून. तेव्हा भार्गवला पेटीतला फोन दिसला.

हडकरांच्या भावकीला सुतक लागलं. त्या वर्षी त्यांच्या कुठल्याच घरात गणपती आला नाही.

"हे बघा मॅडम," परुळेकर चेअरमन तेजलला म्हणाले. ऑफिसात पंखा गरगरत होता आणि ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. "सोमवारी जिल्ह्याहून चौकशी अधिकारी येतायत. त्यांचं म्हणणं असं असू शकतं की गर ओला होता, म्हणून ढीग घसरला. आपला गर कोरडा होता हे तुमचं मशीन दाखवेल. एवढंच दाखवा. डॉक्टरांनी लिहिलंच आहे, छातीवर दाब आला आणि लगेच प्राण गेला. भार्गवलाही तेच बरं. लगेच गेला म्हणजे दार उघडं असतं तरी गेलाच असता."

तेजल जायला उठली.

"आणि गर कोरडाच होता. त्या संध्याकाळी थोडा दमटपणा वाढला, तो तुम्ही घरात करंज्या करता करता आटोक्यात आणलात. मी मुंबईच्या मीटिंगमध्ये सांगितलं हो, आमच्या मॅडम स्वयंपाकघरातून कोठी वाचवतात!"

मशीन म्हणजे गेल्या वर्षी आलेला ओलवाचक. गावानं त्याचं नाव 'कौल' ठेवलं होतं, कारण देवाला कौल लावल्यासारखा तो विचारलं ते सांगायचा. त्यातली युक्ती साधी होती. दाणा पाणी घेतो तो बाहेरून आत, थराथरानं. काल दमट हवा लागली तर वरची साल ओली, आठवड्यापूर्वी लागली तर ते पाणी आत सरकलेलं. आणि एकदा भिजून वाळलेला थर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्याच हवेत, कधीच न भिजलेल्या थरापेक्षा तो थोडं जास्त पाणी धरून बसतो. कौल दाणा न फोडता हे थर मोजायचा आणि उलटं गणित मांडून सांगायचा, की या दाण्याला केव्हा, किती वेळ, कसली हवा लागली.

व्यापारी आणि संस्था यांच्यातलं 'ओला तुमच्याकडे झाला की आमच्याकडे' हे वीस वर्षांचं भांडण त्यानं एका दुपारी मिटवलं. पण शोध एकदा घराबाहेर पडला की कुणाच्या बापाचा राहत नाही. लाकूड, तांदूळ, कागद, कापूस, सगळेच पाणी घेतात आणि सोडतात, त्यामुळे सगळेच बोलायला लागले. भाडेकरूंनी घरमालकांच्या चौकटी वाचल्या. परीक्षा मंडळानं प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे वाचले आणि कुठला गठ्ठा आधी उघडला ते शोधून काढलं. पुण्यात एका बाईनं दुसऱ्या उशीतला कापूस वाचून घेतला आणि घटस्फोट मागितला. लोक हसले, आणि मग आपापल्या उशा उन्हात घालू लागले. मात्र न्यायाच्या कामात एकदा वाचून भागत नसे. सीलबंद दाणे पंचांसमोर ठेवून पुन्हा वाचून दाखवावे लागत.

तेजलजवळ तसे दाणे होते. सुदेशला बाहेर काढत होते तेव्हा तिनं सवयीनं बरण्या भरल्या होत्या: दाराजवळून एक, भिंतीलगतची एक, आणि एक त्याच्या चेहऱ्यासमोरच्या गराची. ती तिसरी तिनं का भरली, हे तिलाच सांगता आलं नसतं.

ती घरी आली तेव्हा शालनकाकी मागच्या दारी उभी होती. सुदेशची आई. पंचाहत्तरीची, काटक, बारीक आवाजाची. एवढ्याशा बाईच्या पोटी तो गडगडाट कसा जन्मला याची गाव चेष्टा करायचं. दारं उघडीच असल्यामुळे ती हल्ली हाक न मारता आत यायची.

"गो तेजल, तुझो तो कौल. तेका एक इचारशील?"

"काय, काकी?"

"माझो झिल केदवा गेलो?"

तेजलनं पदराला हात पुसले. "डॉक्टर म्हणालेत ना, लगेच."

"डॉक्टर माका बघून बोलता," काकी म्हणाली. "तुझा मशीन माका बघणा नाय. तेका इचार. माका रात-दीस एकच आयकाक येता, तो साद घालता आणि कोण व्हय म्हणणा नाय. लगेच गेलो आसात तर ह्या माझ्या कानातला थांबात तरी."

माजघरातून भार्गवच्या येरझाऱ्यांचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजलनं प्रयोगशाळेत तिसरी बरणी उघडली. मनात एकच होतं, की डॉक्टरांचं खरं निघू दे. लगेच गेला असं निघालं की काकीचे कान शांत होतील, भार्गव दारं लावील, घरात पुन्हा पापड कुरकुरीत राहतील. चिमट्यानं एकेक दाणा ठेवून ती बघत गेली. उरलेले दाणे तिनं लगेच झाकून टाकले.

दाराजवळचे दाणे कोरडे. भिंतीलगतचे कोरडे. चेहऱ्यासमोरचे ओले झालेले.

फार नव्हे, सालीपुरते. पण हरितालिकेची दुपार टळली तिथून ते सुरू झालं होतं आणि संध्याकाळभर एकसारखं चालू राहिलं होतं. ओलावा एवढ्याशाच जागेत, तांब्याच्या तोंडाएवढ्या. त्याच बरणीत आलेल्या वीतभर बाजूच्या दाण्यांना त्याचा पत्ताही नव्हता. सगळ्या कोठीची हवा दमट झाली असती तर सगळेच दाणे ओले झाले असते. ही हवा एका ठिकाणाहून येत होती, थोडी थोडी, उबदार, पाण्यानं भरलेली, थांबून थांबून.

तेजल स्टुलावर बसली. सुदेश जिवंत होता. संध्याकाळभर तो जिवंत होता. छातीवर ओझं घेऊन, तोंड मोकळं ठेवून, हळू हळू श्वास घेत होता. ओरडायला छाती फुलवावी लागते, ती त्याला फुलवता येत नव्हती. पण श्वासांचा ठेका शेवटपर्यंत बिघडलेला नव्हता. गडी घाबरून दमला नव्हता. सकाळी शाळेतून निरोप येईल, पेटीतला फोन दिसेल आणि दार उघडेल हे त्याला ठाऊक होतं. चार-पाच दिवस रेंगाळणाऱ्या यंत्रानं सकाळपर्यंत त्याच्यापुरती हवा सहज ठेवली असती.

मग तिनं तो ओलावा संपतो कुठे ते बघितलं. तो विरत विरत गेला नव्हता. एका जागी कापल्यासारखा तुटला होता. त्या वेळेपासून त्या दाण्यांवर कोरडी, अगदी कोरडी हवा जोरानं येऊ लागली होती.

ती वेळ तिला कुठे तरी माहीत होती. तिनं फोन काढला, संध्याकाळचे जुने इशारे उघडले. *कोठी तीन: दमटपणा किंचित वाढ. कर्बवायू किंचित वाढ.* आणि खाली तिचं स्वतःचं उत्तर: *नायट्रोजन वेग: कमाल.*

तिला सगळं आठवलं. परात समोर होती. सारण संपत आलं होतं. फोन वाजला आणि ती वैतागून म्हणाली होती, "घ्या, शेवटचा माल ओलाच घातला वाटतं यांनी. लागला गर श्वास घ्यायला." आणि बटण दाबून पुढची करंजी मुरडायला घेतली होती.

 तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

दोन दिवस तिनं कुणालाच सांगितलं नाही. मन हा मोठा लबाड कारकून आहे, कागद पुढे सरकवायचाच नाही असं ठरवलं की त्याला हजार कारणं सुचतात. बरणी तिच्याच ताब्यात. चेअरमनना हवंय तेच दाखवावं, दाराजवळचा कोरडा गर. काकीला सांगावं, लगेच गेला. भार्गवचं ओझं हलकं, काकीचे कान शांत, संस्थेचं नाव राखलेलं. फक्त एकटीला माहीत. ती बरणी पिशवीत घालायची, काढायची, फडताळात ठेवायची, पुन्हा पिशवीत घालायची. भार्गव पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फिरायचा आणि ती मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत. मधे माजघरात एकमेकांना वाट द्यायची.

"तुका काय झाला?" एकदा त्यानं विचारलं.

"काही नाही. दमट आहे फार."

काकीच्या एका वाक्यानं तिला सोडलं नाही. तुझा मशीन माका बघणा नाय. मशीन बघत नव्हतं, पण ते हातात धरणारी तेजल काकीला बघूनच खोटं बोलणार होती. मग ती आणि डॉक्टर यांत फरक काय राहिला?

शनिवारी सकाळी ती बरणी घेऊन काकीच्या पडवीत गेली. काकी माटवी उतरवत होती. गणपतीच्या पाटावर टांगायची ती लाकडी चौकट, तिला सुदेशनं चतुर्थीच्या आदल्या दिवशीच नारळ, सुपारीचा घोस, काकडीसारखी तवशी, कवंडळं बांधून ठेवली होती. गणपती आला नाही, पण फळं कुणी सोडली नाहीत, आणि आता ती सडून खाली टपकत होती.

"काकी, बसा."

"सांग. उभ्यानच आयकतंय."

तेजलनं सांगितलं. श्वास संध्याकाळभर चालू होता. तो घाबरलेला नव्हता. आणि मग हवा कुणी काढून घेतली, तेही सांगितलं. करंज्यांपासून बटणापर्यंत, काही न गाळता.

काकीच्या हातात एक सडकी तवशी होती. ती तिनं हळूच जमिनीवर ठेवली.

"म्हणजे माझो झिल वाट बघी होतो."

"हो."

"दाराकडे बघीत."

"हो, काकी."

 काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग तिनं बरणीकडे बोट केलं. "ह्यात काय आसा?"

"त्याच्या तोंडासमोरचा गर. त्याच्या श्वासातलं पाणी यात आहे, थोडंसं. सोमवारी अधिकाऱ्यांसमोर हे पुन्हा वाचून दाखवायचंय मला."

"झाकण काढ."

"काढलं तर पुसून जाईल, काकी. ही भाद्रपदातली हवा आहे. दोन दिवसांत सगळे दाणे सारखेच ओले होतील. मग काहीच वाचता येणार नाही."

काकीनं तिच्या हातातून बरणी घेतली. म्हाताऱ्या बोटांना झाकण फिरेना. तिनं ते पदरात धरून फिरवलं. मग पडवीच्या कडेला ठेवलेल्या सुपात सगळे दाणे ओतले आणि पसरून ठेवले. पावसाचा गार वारा त्यांच्यावरून गेला.

"एकदा कोंडलात तुमी तेका," ती म्हणाली. "आता परत नको."

तेजल रडायला लागली. तिनं मागे वळून पाहिलं तर पडवीच्या पायरीशी भार्गव उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"खोटा सांगतंस तू," घरी आल्यावर तो म्हणाला.

"काय?"

"माझ्यासाठी सांगतंस. मी रात-दीस फिरतंय ता बघवणा नाय म्हणान. म्हटलंस, ह्येचा पाप आपल्या डोक्यार घेवया." तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. "दार मी लावलंय. पेटी मी बघूक नाय. तू काय केलं नाय."

"भार्गव, मी वाचलंय ते. मशीनमध्ये आहे अजून."

"मशीन तुझ्याच हातात. गर खंय आसा? दाखव. परत वाच माझ्यासमोर."

गर सुपात होता, काकीच्या पडवीत, आणि आता त्यात सुदेशच्या श्वासाइतकीच वडखोलच्या पावसाची हवा होती. तेजलला कळेना हसावं की रडावं. सगळं आयुष्य तिनं पुराव्यावर काढलं होतं, आणि जी गोष्ट सगळ्यांत खरी ती तिच्या नवऱ्यालाच तिच्या मायेची थाप वाटत होती.

सोमवारी संस्थेच्या हॉलमध्ये चौकशी अधिकारी बाई आल्या. चेअरमननी नारळपाणी दिलं, गर कोरडा असल्याचा आलेख दिला, डॉक्टरांचा दाखला दिला. भार्गव दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता, दार उघडं ठेवून, गुडघा हलवत.

"मॅडम, तुमचं काही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

तेजल उठली.  "सुदेश हडकर लगेच गेले नाहीत. ते संध्याकाळभर जिवंत होते. मी घरून नायट्रोजनचा वेग वाढवला, तेव्हा गेले. वेग वाढवला नसता तर सकाळी जिवंत सापडले असते."

 परुळेकर पुटपुटले, "नवऱ्याला वाचवतायत हो त्या, दुसरं काही नाही."

"पुरावा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"गर होता, आता नाही. मी एकटीनं केलेलं एक वाचन आहे. ते तुम्ही मानणार नाही, मला माहीत आहे."

"मग हे का सांगताय? एवढ्यावर तुमची नोकरी जाऊ शकते. कदाचित खटलाही होईल."

"कारण गराला आता सांगता येणार नाही," तेजल म्हणाली. "मला येतं."

अधिकारी बाईंनी बराच वेळ लिहून घेतलं. शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली: 'कोठी बंद असताना आत वाढणारा दमटपणा आणि कर्बवायू हा गराचाच आहे, असे यापुढे गृहीत धरू नये.' परुळेकरांनी हातातला पेपरवेट टेबलावर ठेवला.

संध्याकाळ कलली तेव्हा दोघं घरी पोचली. काकी आधीच येऊन बसली होती, एका गाठोड्यासह. तेजल तिच्याजवळ गेली, पण काय बोलावं ते सुचेना.

"माफ केलंय म्हणान समजा नको," काकी म्हणाली. "थंय घर खावक येता. माणूस होया, म्हणान इलंय." आणि ती स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवू लागली. काड्या सर्दावल्या होत्या, एकही धरेना.

पाऊस तिरका होऊन ओटीवरून आत येत होता. भार्गव उंबऱ्यात उभा होता. बाहेर बघत, मान न वळवता, तो म्हणाला:

"खंयच्या बोटान दाबलंस?"

तेजलला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, तो त्या संध्याकाळच्या बटणाबद्दल विचारत होता.

"बोटांना पीठ लागलं होतं," ती म्हणाली. "बोटाच्या टोकानं नाही दाबलं. मधल्या बोटाच्या पेरानं दाबलं, असं वाकवून. काचेवर पीठ लागू नये म्हणून."

तिनं हात पुढे करून दाखवलं. भार्गवनं ते वाकवलेलं बोट पाहिलं. पीठ लागू नये म्हणून. असलं बारीकसारीक माणूस खोटं बोलताना बनवत नाही, ते नुसतं आठवतं. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.  त्याचा गुडघा हलत नव्हता.

मग तो वाकला. दाराला लावलेला जांभा दगड त्यानं दोन्ही हातांनी उचलून बाहेर ओटीवर ठेवला.

"भितुर कोण आसा?" दाराला हात लावून त्यानं मोठ्यानं विचारलं.

"मी आहे," त्याच्या मागून तेजल म्हणाली.

"मी पण आसंय रे," स्वयंपाकघरातून काकीचा बारीक आवाज आला.

भार्गवनं दार लावलं नाही. तो मागे वळला, तेजलच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग आत गेला. स्वयंपाकघरात डोकावून त्यानं काडी ओढणाऱ्या काकीकडे पाहिलं. तीही त्याच्याकडे बघत राहिली.

मग तो परत आला आणि त्यानं दार लावलं.